आरशाशिवाय काढलेले डोळे

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. बसमध्ये बसून बसून अंग आंबून गेलं होतं, त्यामुळे फाटकाशी सामान टाकलं आणि आधी सगळं आवार पायाखाली घातलं. मधोमध विटांचा जुना पॅगोडा, पाच मजली, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा अंगाने बारीक. शेजारी लांबट, बुटकं मंदिर. समोर चौकोनी तळं आणि तळ्यात लाल मासे. पॅगोड्याच्या छपरांच्या कोपऱ्यांना छोट्या घंटा टांगल्या आहेत. वारा आला की सगळ्या एकदम अशा किणकिणतात, की मला वाटलं आमची भिंगरी भांड्यांच्या फडताळात शिरली.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. पहिलीत आहे. जागेपणी तिचं बूड कुठे टेकलेलं मी तरी पाहिलेलं नाही. नवरा म्हणतो, आईवर गेली आहे, आणि तो खोटं बोलत नाही. मलाही एका जागी बसवत नाही. हात चालू असले की मी ठीक असते, नाहीतर जीव नुसता वर-खाली होतो. मी घरी काम घेऊन बसले की भिंगरी येते आणि मी आणि काम यांच्या मधे आपलं डोकं घालते. मग ब्रश खाली ठेवावाच लागतो. आणि एकदा तिच्याकडे बघितलं की माझी ही चंचल नजर तिथून हलत नाही, तेवढं एकच ठिकाण आहे.

पुढचा सोडून त्याच्या पुढच्या रविवारी बापलेक मला भेटायला येणार आहेत. तिला पॅगोड्याच्या वरपर्यंत पळत जायचं आहे. तोवर काम उरकायला हवं.

काम असं: प्रत्येक मजल्यावर एका कोनाड्यात ध्यानाला बसलेली मूर्ती आहे, साधारण माणसाच्या बसल्या उंचीची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दिव्यांनी सगळ्या काळ्या पडल्या आहेत. काजळी काढायची आणि जिथे रंग उडाला आहे तिथे भरायचा. राहायला तळ्याकाठची स्वच्छ खोली, खिडकीतून पॅगोडा दिसतो. आणखी काय पाहिजे?

६ नोव्हेंबर, बुधवार

खालचे दोन मजले झाले. थोरले भन्ते रोज सकाळी येऊन बघून जातात. फार म्हातारे आहेत आणि फार कमी बोलतात. मी दर दोन मिनिटांनी उठून शिडी हलवते, दिवा हलवते, पाणी पिते, हे बघून ते आज मला म्हणाले की तुमच्यासारखं माणूस या मूर्तींसमोर दिवसभर बसतं याचीच मला गंमत वाटते. मी म्हटलं, बसते कुठे?

त्यांची कसर चौकीदार भरून काढतो. मी त्याचं नाव रेडिओ ठेवलं आहे. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही. मी काजळी कापसाच्या काडीला थुंकी लावून काढते, कारण थुंकीइतकं सौम्य औषध बाजारात मिळत नाही. हे कळल्यावर त्याने ही बातमी फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाला दिली. त्याची बायको माझा डबा करते. तिने मला हळूच सांगितलं की लग्न झाल्यापासून ती याचं बटण शोधते आहे, तुम्हाला सापडलं तर कळवा.

मूर्तींचे डोळे फार सुंदर आहेत. अर्धे मिटलेले, पापणीखाली काळ्या बाहुलीची जेमतेम एक कड. बहुतेकांच्या बाहुल्या झिजल्या आहेत. मी त्या भरते आणि हातातल्या आरशात उलटं प्रतिबिंब बघून दोन्ही डोळे सारखे झालेत ना, ते तपासते. आमच्या कामाचा नियम एकच: जिथे जुना रंग होता तिथेच नवा लावायचा. आपल्या मनाचं काही काढायचं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज पाचव्या मजल्यावर सामान चढवलं. जिना इतका अरुंद की पेटी छातीशी धरून आडवं चढावं लागतं. जिन्याच्या तोंडाला जमिनीत बसवलेलं लाकडी झाकण आहे, त्याला खालून कडी. वर एक छोटी खोली, चार बाजूंना चार खिडक्या, आणि समोर ही पाचवी मूर्ती.

हिला डोळेच नाहीत. पापण्या आहेत, पण त्यांच्याखाली नुसता पांढरा रंग. सगळा चेहरा शांत आणि मधेच हे कोरं. मला ते बघवेना. सारखी उठून खिडकीशी जात होते.

खाली उतरले तेव्हा रेडिओ त्या मूर्तीबद्दल काहीतरी सांगायला लागला. कुणी जुना चित्रकार होता, त्याच्या आजोबांनी ऐकलेलं होतं, वगैरे. त्याने आजोबांच्या आजोबांपासून सुरुवात केली तेव्हा मी उद्या ऐकते म्हणून सटकले.

११ नोव्हेंबर, सोमवार

कोडं सुटलं. पापणीच्या कडेची काजळी काढताना काळ्या रंगाचा ठिपका सापडला, दोन्ही डोळ्यांत, बरोबर जिथे बाहुली असायला हवी तिथे. म्हणजे हिलाही डोळे होते, उडून गेले. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारचा उजेड उत्तम होता. मूर्तीच्या अगदी समोर बसले, नाकासमोर नाक, आणि दोन्ही बाहुल्या भरल्या. एकाच बैठकीत. मी इतका वेळ न उठता बसले याचं मलाच नवल वाटलं. शेवटचा फटकारा दिला तेव्हा घंटांचा आवाज थांबला होता. वारा पडला असेल.

रात्री फोनवर भिंगरीला सांगितलं की मी एकाचे डोळे उघडले. तिने विचारलं, मग त्याला पहिल्यांदा काय दिसलं? मी म्हटलं, मी.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डोळे कोरडे पडल्यासारखे वाटतात. थेंब घातले. धुळीचा त्रास असणार.

सकाळी चहा घेऊन तळ्याकाठी बसले होते. बसले होते हेच विशेष. एक मासा पोहत होता, त्याच्याकडे बघत राहिले. तो हळू झाला आणि थांबला. मेला असता तर उलटा झाला असता. तो पाण्यात सरळ उभा होता, कल्ले हलत होते, बस्स. मग शेजारचा. संध्याकाळी परत गेले तेव्हा ते दोघे तिथेच होते, बाकीचे त्यांना वळसा घालून जात होते.

मंदिरातली करडी मांजर कामाच्या वेळी माझ्या मांडीवर येते. आज आली. मी तिच्याकडे जरा वेळ बघितलं, तशी ती मांडीवरून उतरली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. अजून बसली आहे. पुढचे पाय जुळवून, डोळे अर्धे मिटून. दूध ठेवलं, तिने वास घेतला नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज मुद्दाम करून बघितलं. करायला नको होतं.

वारा भरपूर होता. मंदिराच्या पताका फडफडत होत्या, पॅगोड्याच्या घंटा वाजत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातली एक घंटा निवडली आणि तिच्याकडे टक लावली. शंभर आकडे मोजायचं ठरवलं होतं, तेवढे लागले नाहीत. ती लंबकासारखी हलत होती, आणि मग सरळ लटकून राहिली. वारा तसाच. तिच्या बाजूच्या वाजत होत्या.

पाचव्या मजल्यावरच्या तर सोमवारपासूनच गप्प आहेत. त्या खिडकीतून मी रोज त्यांच्याकडे बघते.

मी चंचल आहे म्हणून वाचले आहेत सगळे. कुणाकडेच धड बघत नाही मी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रेडिओ.

मी सकाळी त्याच्याकडे गेले, कारण मला ती गोष्ट ऐकायची होती. चित्रकाराची. तो खूश झाला. स्टूल ओढून बसला आणि आजोबांपासून सुरू झाला. मी या वेळी लक्ष देऊन ऐकलं. लक्ष देऊन म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघत.

चित्रकार डोळे काढायला बसला, असं तो म्हणाला. पाठ करून, आरसा धरून, असं म्हणाला. मग शब्दांमधलं अंतर वाढत गेलं. मग हात मांडीवर आले, पापण्या अर्ध्या उतरल्या. चेहऱ्यावर असं समाधान की मी त्याला हलवायचीही विसरले.

त्याची बायको हसतच बाहेर आली, की बाई, तुम्हाला बटण सापडलं वाटतं. हसू तसंच तोंडावर असताना तिने त्याच्या खांद्याला हात लावला. मग ती हसली नाही.

डॉक्टर आले. म्हणाले, नाडी उत्तम, श्वास उत्तम. पण त्याचे गुडघे सरळ होईनात. गाडीत त्याला बसल्या अवस्थेत उचलून ठेवलं आणि शहरातल्या दवाखान्यात नेलं. त्याची बायको जाताना माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. मला तिला सांगायचं होतं. काय सांगणार होते?

आरशात बघून थेंब घालायचे नाहीत असं ठरवलं आहे. पण एक गोष्ट आरशाशिवायही कळली. सकाळपासून माझी पापणी लवलेली नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटेच वर गेले आणि स्पिरिटने मूर्तीच्या बाहुल्या पुसून टाकल्या. त्या सहज गेल्या. बाकी काही गेलं नाही. खिडकीबाहेर एक कावळा होता. होता म्हणजे आहे.

भन्त्यांना सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. तेही जमिनीकडे बघत होते. म्हणाले, नव्या मूर्तीचे डोळे कसे काढतात हे तुम्हाला ठाऊक असेल असं मी धरून चाललो. ठाऊक आहे. आमच्या सरांनी शिकवलं होतं. मूर्तीकडे पाठ करायची, खांद्यावरून आरशात बघत बाहुली काढायची, आणि मग तो आरसा तळ्यात बुडवायचा. उघडलेल्या डोळ्यांची पहिली नजर जिवंत माणसावर पडू द्यायची नाही. पण जुन्या मूर्तीला ते लागत नाही. तिची पहिली नजर कधीच होऊन गेलेली असते. मी फक्त जुना रंग भरत होते.

भन्ते म्हणाले, जुना रंग नव्हता तो. त्या चित्रकाराने ब्रश टेकवला आणि त्याच्या हातून आरसा पडला. त्याने काम तिथेच सोडलं. दोन ठिपके राहिले, ते त्याने पांढऱ्या रंगाने झाकले. काजळीबरोबर तो रंगही मी काढला. थुंकी लावून, इतक्या काळजीने.

ती नजर वाईट नाही, म्हणाले. तिच्यात राग नाही. पण पहिली नजर फार कच्ची असते, ती जिथे पडते तिथलं सगळं थांबवते. ती आरशाने घ्यायची असते. तुम्ही आरशाच्या जागी बसलात.

मग हा शांत म्हातारा मला म्हणाला, की कुणाकडे बघणं भागच पडलं तर माझ्याकडे बघा. जन्मभर मी स्थिर बसायचा प्रयत्न करतो आहे, मला काही तक्रार नसेल. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी विचारलं, तुमच्याकडे बघून ती माझ्यातून जाईल का? ते नाही म्हणाले.

एक उपाय आहे, तो दुपारी करायचा. मूर्तीकडे पाठ करून बसायचं आणि आरशातून तिच्या कोऱ्या डोळ्यांत बघायचं. जिची नजर तिला परत. आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे मात्र बघायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

नंतर —

आरसा छोटा होता. माझ्या तळहाताएवढा. मूर्ती दिसली, खांदा, कान, गाल. आणि आरसा जरासा कलला.

माझे डोळे बघितले मी. माझे नाहीत ते.

भन्त्यांनी आरसा हिसकून घेतला, खिडकीतून तळ्यात फेकला. पाण्याचा आवाज आला. उपयोग नाही. मी उठायला गेले तर गुडघे —

१६ नोव्हेंबर, शनिवार

डोळ्यांवर पट्टी बांधली आहे, माझीच ओढणी, दुहेरी. पापण्या मिटत नाहीत म्हणून. न बघता लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढत असतील. चढू देत.

पाचव्या मजल्यावरच आहे. भन्ते मला उचलून खाली नेतो म्हणाले, मी नको म्हटलं. खाली माणसं आहेत. मांडी घातलेली आहे, ती आता निघत नाही. कंबरेपर्यंत शांत झालं आहे. दुखत काही नाही. तेच भयंकर आहे, बरं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा पायांना कुठे जायचं नाही.

हात मात्र चालू ठेवायचा. हात हलतो आहे तोवर मी आहे.

भन्त्यांनी फोन कानाला धरला. नवऱ्याला म्हटलं, येऊ नका. तो म्हणाला, दर वेळी तुझं हेच असतं, काम संपलं नाही, येऊ नका. पोरीने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मग मी खरं ते सगळं सांगितलं. तो प्रेमाने म्हणाला, की तू फार दमली आहेस, आम्ही येतो, तोवर जरा शांत बसून राहा.

शांत बसून राहा.

भन्त्यांना सांगितलं, जिन्याचं झाकण लावा. खालून कडी घाला. उद्या त्यांना फाटकातूनच परत पाठवा. वर कुणी येऊ देऊ नका. तिला तर मुळीच नाही. मी इतके दिवस तिला बघितलं नाही. तिला बघितलं की माझी नजर हटणार नाही, मला माहीत आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

उजेड झाला असावा. पक्षी.

ओठ जुळले आहेत. उघडत नाहीत. डावा हात मांडीवर गेला, आपणहून. उजवा लिहितो आहे. हळू.

भिंगरीला मी आठवत राहते, पळताना. जिन्यावरून उतरताना शेवटच्या पायऱ्या उडी मारून. स्थिर आठवतच नाही ती. देवा, तशीच राहू दे. कुणीही देव.

—

बस आली. हॉर्न.

नवऱ्याचा आवाज. भन्त्यांचा. भन्ते त्याला समजावत आहेत. नवरा चढ्या आवाजात. तिचा आवाज नाही.

तिचा आवाज का नाही

—

जिन्यावर पाय. छोटे. पळत. भन्त्यांच्या हाताखालून निसटली असणार, ती कुणाच्या हाती लागते. खालून बाप हाका मारतो आहे. थांबत नाही.

कडी. कडीपर्यंत हात पोचणार नाही तिचा. पोचणार नाही.

उडी मारली तिने. कडी वाजली.

पुन्हा

—

झाकण उघडलं.

तिला वाटतं खेळ आहे. आंधळी कोशिंबीर. घरी आमचा नियम आहे, मला शोधून काढलं की पट्टी तिनेच सोडायची. सापडलीस सापडलीस म्हणते आहे.

नको बाळा. खाली जा. खाली जा. खाली जा. वहीकडे बघत नाही ती. माझ्या मागे आहे, गाठीशी. गाठ घट्ट आहे. दातांनी सोडते आहे. तिचा श्वास मानेवर.

बाप अजून दुसऱ्या मजल्यावर असेल, धापा

गाठ

—

उजेड. वही दिसते आहे. माझा हात दिसतो आहे. मी फक्त हाताकडे बघणार. मान वर नाही. ती पुढे आली तरी नाही. हाताकडेच, पानाकडेच. हात जड होतो आहे, होऊ दे, थांबू दे त्याला, तो थांबला तरी मी इथेच बघत राहीन, बाप येऊन तिला उचलून नेई

ती समोर आली. पाय दिसतात. बूट उलटे घातले आहेत.

काय लिहितेस म्हणते

खाली बसली

केस आले पानावर. ती डोकं मधे घा